डनवॅरिक घराणं आणि आमची जुन्नरची कचेरी

कचेरीतले जुने कागद दर काही वर्षांनी जाळतात. त्याची यादी होते, यादीवर सही होते, मग काडी लागते. किश्शांना असला काही नियम नाही. ते नुसते साठत जातात आणि शेवटी माझ्यासारख्या रिटायर कारकुनाच्या घरी कायमच्या मुक्कामाला येतात. आमची ही म्हणते, "तुमच्या डोक्यातून एकदा झाडू फिरवायला पाहिजे." फिरव म्हणावं! फक्त कर्नलसाहेबांचा कोपरा सोड. तिथं मला स्वतःलाच अजून धड काही सापडत नाही.

तर आता सांगतो ते मुकाट ऐका. मध्येच "कुठला अलेक्झांडर?" असं विचारायचं नाही. ते अलेक्झांडर मला तेव्हाही कळले नव्हते.

* * *

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मी जुन्नरच्या मामलेदार कचेरीत कारकून. गोरे साहेब गेले, आता त्यांची पत्रं यायची नाहीत, म्हणून आमचे मामलेदार, म्हणजे रावसाहेब, अगदी निवांत होते. आणि एके दिवशी पुण्याहून पत्र आलं. स्कॉटलंडचे एक खानदानी सरदार, कर्नल सर अलेक्झांडर डनवॅरिक, आपल्या पूर्वजाचं थडगं शोधायला जुन्नरला येत आहेत. पेशवाई बुडाली त्या धामधुमीत तो पूर्वज कंपनी सरकारच्या पलटणीबरोबर इकडे आला होता. सर्व मदत करावी. सोबत घराण्याची वंशावळ जोडली आहे.

रावसाहेबांनी वंशावळ टेबलावर पसरली. वरपासून खालपर्यंत अलेक्झांडर, जेम्स, अलेक्झांडर, अलेक्झांडर, जेम्स. जो तो पलटणीत. कुणी कॅप्टन, कुणी जनरल.

"अहो डुंबरे, ही वंशावळ आहे का पाढे?"

आता आमच्या कचेरीची रीत अशी, की बाहेरून आलेली वंशावळ आपल्या वारस-नोंदीच्या नमुन्यात उतरवून घ्यायची. ते काम माझ्याकडे आलं. आणि वारसांच्या यादीत एकच नाव दोनदा दिसलं, की ती दुबार नोंद. एक ठेवायची, बाकीच्या उडवायच्या. मी नियमानं गेलो. संध्याकाळपर्यंत सगळ्या दुबार नोंदी लाल शाईनं उडवल्या आणि कागद रावसाहेबांपुढे ठेवला. घराण्यात एक अलेक्झांडर उरला होता आणि एक जेम्स. जन्म पहिल्याचा, हुद्दा शेवटच्याचा!

रावसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "डुंबरे, तुमच्या हिशेबानं हा माणूस अडीचशे वर्षं पलटणीत नोकरीला आहे. ह्याला पेन्शनीत काढायचं कुणाला सुचलं नाही का?"

शेवटी काम कागदीचाचांकडे गेलं. चाचा म्हणजे आमचे रेकॉर्डकीपर. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातकागद करायचे, म्हणून आडनावच कागदी. जुन्नरच्या कागदावर कधीकाळी मोठमोठ्या दरबारांची पत्रं जायची, ते सगळं आता संपत आलेलं. चाचांनी घरचा एक जुना ताव आणला आणि त्यावर नवी वंशावळ मांडली. आपल्या गावात पाच तुकाराम असले तर आपण काय करतो? तेच त्यांनी केलं. थोरला अलेक्झांडर. लंगडा अलेक्झांडर. तोफवाला अलेक्झांडर. मिशीवाला जेम्स.

एका नावावर मूळ कागदात काट मारलेली होती. जुन्नरला आलेला तो हाच. चाचांनी त्याला लिहिलं, "आपला अलेक्झांडर".

* * *

कर्नलसाहेब यायचे त्या दिवशी रावसाहेब हार घेऊन नारायणगावच्या रस्त्यावर मोटारीची वाट बघत उभे. साहेब आले एसटीनं! गाडी स्टँडवर थांबली तेव्हा मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती. ती कुणाची, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पासष्टीचा, काठीसारखा ताठ माणूस, हातात एक ट्रंक आणि बगलेत कोंबडी. मी पुढे होऊन नमस्कार केला, तर त्यांनी आधी कोंबडी माझ्याकडे दिली.

डाकबंगल्यावर चहा झाला. माझं इंग्रजी कागदावर बरं, तोंडात जरा अडखळायचं. पण दुसरं कोणी नव्हतं, म्हणून दुभाष्या मीच. रावसाहेबांनी सवयीप्रमाणे चौकशी सुरू केली.

"बांधाचं भांडण आहे?"

नाही.

"भावाभावांत वाटणी अडलीय?"

नाही.

"मग सरकारजमा काही सोडवायचंय?"

तेही नाही. रावसाहेब गोंधळले. सातासमुद्रापलीकडून माणूस येतो आणि त्याचा जमिनीशी काही संबंध नाही, हे त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं.

मग कर्नलसाहेबांनी सांगितलं. त्यांच्या वाड्याच्या दिवाणखान्यात अकरा तसबिरी आहेत. अकराही सैनिक. त्यातली एक भिंतीकडे तोंड करून टांगलेली आहे. ती 'आपल्या अलेक्झांडर'ची. तो इथून एक शेवटचं पत्र धाडतो आणि मग सैन्याचं एका ओळीचं पत्र घरी येतं, की कॅप्टन डनवॅरिक नेमलेली जागा सोडून पळाले. बापानं स्वतःच्या हातानं तसबीर फिरवली. तेव्हापासून ती तशीच आहे. पुढे कुणा पाद्र्यानं मात्र कळवलं होतं, की जुन्नरच्या बाजूला त्याच्या नावाचा दगड आपण पाहिला.

"एवढ्या जुन्या गोष्टीसाठी एवढ्या लांब आलात?" रावसाहेब म्हणाले.

 साहेब म्हणाले, "माझा एकुलता मुलगा. त्याचंही नाव अलेक्झांडर. गेल्या महायुद्धात त्यानं जागा सोडली. खटला झाला, तुरुंगात गेला. कोर्टात विचारलं तेव्हा म्हणाला, आमच्या घरात माझ्याआधी एक असाच होऊन गेलाय. दहा वर्षं झाली, मी त्याच्याशी बोललो नाही, एक ओळ लिहिली नाही. मला तो दगड वाचायचाय. कॅप्टन जागेवर मेला असं त्यावर निघालं, तर तसबीर सुलटी करीन. मग आमच्या घरात पळपुटा एकच उरतो. त्याचं नाव घराण्याच्या वहीतून काढून टाकणार आहे."

"आणि खरंच पळाला असला तर?"

"डनवॅरिक पळत नाहीत."

रावसाहेब माझ्याकडे वळून हळूच मराठीत म्हणाले, "मग ह्यांचा मुलगा काय फिरायला गेला होता?"

मी ते इंग्रजीत सांगितलं नाही. माझीही नोकरी होती.

* * *

रावसाहेबांनी गावोगाव दवंडी दिली. जुन्या काळच्या गोऱ्या कप्तानाची कुणाला काही माहिती असेल तर त्यानं कचेरीत यावं. बस्स, एवढंच. पण दवंडी एका वेशीतून दुसऱ्या वेशीत जाईपर्यंत काय होते, तुम्हाला ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी कचेरीपुढे ही गर्दी! साहेब वारस शोधायला आलाय म्हणे!

घाऱ्या डोळ्यांचा जो जो माणूस तालुक्यात होता, तो हजर. एकानं तर भुऱ्या केसांची बायको पुढे केली. एक पितळी बटण आलं, एक वाकडा चमचा आला, एक तोटी आली. चाचा प्रत्येकाचा जबाब लिहून घेत होते आणि विचारत होते, "तुझा आजा काय बोलायचा?" तो म्हणायचा, "मराठीच बोलायचा की." "मग पुढचा!"

दुपारच्या सुमाराला येडगावचे एक म्हातारे पुढे आले. त्यांना वारस-बिरस काही व्हायचं नव्हतं. ते रागावलेले होते.

"ह्यांच्या पलटणीनं आमच्या पणज्याचं घोडं वढून न्हेलं. माघारी दिलं न्हाई. आमच्या घरात अजून बोलत्यात त्येच्यावर!"

मी घाबरत घाबरत सांगितलं. कर्नलसाहेब उठले. टोपी काढली, म्हाताऱ्यापुढे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या घराण्याच्या वतीनं मी माफी मागतो. घोडं कोणत्या रंगाचं होतं?" आणि वही उघडली.

म्हातारा पार गडबडला. भांडायच्या तयारीनं आलेला माणूस, त्याला असलं काही अपेक्षित नव्हतं. इकडे बघ, तिकडे बघ. शेवटी म्हणाला, "जाऊं द्या सायेब. तसं घोडं म्हातारंच व्हतं. लंगडायचं बी."

साहेबांनी तेही लिहून घेतलं.

* * *

मग आळेफाट्याच्या बाजूच्या तलाठ्यानं कमाल केली. उत्साही माणूस. उत्साही तलाठ्याइतका ताप दुसरा नाही, हे मी अनुभवानं सांगतो. त्याचा कागद आला: 'मयत कप्तानाचे थडगे मिळून आले. पंचनामा सोबत.' खाली पाच पंच. दोन सह्या, तीन अंगठे.

साहेबांनी त्या दिवशी खास पोशाख केला. त्यांच्या घराण्याचा चौकड्यांचा घागरा, कमरेला चामड्याची पिशवी, छातीवर बिल्ले. जीप फाट्यावर थांबली तशी हॉटेलातली गिऱ्हाइकं चहा टाकून बाहेर आली. एक ट्रकवाला तर गाडीचं इंजिन चालूच ठेवून खाली उतरला.  शेवटी एका आजोबांनी जवळ येऊन मला कानात विचारलं, "पावण्यांचं धोतर न्हेसायचं आर्धंच ऱ्हायलंय का?"

दगड रस्त्याच्या कडेला, निम्मा मातीत, वर निवडुंग वाढलेला. साहेब त्याच्यापुढे उभे राहिले. सलाम ठोकला. आम्ही सगळे मान खाली घालून उभे. तलाठ्याच्या डोळ्यांत तर पाणी आलं होतं.

मग दोन माणसांनी माती उकरली, नारळाच्या शेंड्यांनी दगड घासला. अक्षरं इंग्रजीच निघाली. साहेबांनी वाकून वाचलं आणि सरळ झाले. तोंडावरची रेघ हलली नाही. मीही वाकून वाचलं. 'पूना. साठ मैल.'

परतताना जीपमध्ये चाचांना राहवलं नाही. मला म्हणाले, "दत्तोबा, पाच पंचांनी सह्या केल्यात. आता कायद्यानं मयत इथून साठ मैलांवर आहे!"

आणि त्या दिवशी पहिल्यांदा कर्नलसाहेब हसले. मी न सांगताच हसले. त्यांना काय समजलं, कुणास ठाऊक.

* * *

चाचांची आणि कर्नलसाहेबांची कशी काय गट्टी जमली, हे मला न उलगडलेलं दुसरं कोडं. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इंग्रजी येत नाही. तरी चाचांची ती टोपणनावांची वंशावळ बघून साहेब खूश झाले होते. तोफवाल्या अलेक्झांडरवर बोट ठेवून त्यांनी खूप काही सांगितलं, आणि चाचा "वा वा" करत होते.

ईदेला चाचांनी आम्हा दोघांना घरी जेवायला बोलावलं. पुढे ताटं आली. त्यात एक ताट वाढलेलं, पण त्याच्यापुढे कुणी बसलेलं नाही. साहेबांनी मला विचारलं, मी चाचांना विचारलं.

"धाकट्याचं," चाचा म्हणाले. "कागदाच्या धंद्यात राम नाही म्हणून भांडला आणि पळाला मुंबईला. गिरणीत आहे. बारा वर्षं झाली."

"ईदेला येतो?"

"नाही येत."

"मग ताट?"

"ताट तर आमचं आहे ना. वाढायचं काम आमचं. यायचं काम त्याचं."

मी ते साहेबांना सांगितलं. चाचांनी मग शिरखुर्म्याची वाटी त्यांच्यापुढे सारली आणि विचारलं, "ह्यांचा मुलगा कुठं जेवतो?"

मला वाटलं, हे सांगू नये. पण साहेब माझ्याकडे बघत राहिले, तेव्हा सांगितलं. साहेबांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, "ठाऊक नाही. अ‍ॅबर्डीनला कुठल्याशा बेकरीत कामाला आहे असं ऐकलं होतं."

चाचांनी विचार केला. "मग पाव तरी मिळत असेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब माझ्यावर उखडले. हा म्हातारा आगाऊ आहे! मी थडगं शोधायला आलोय, लोकांची ताटं बघायला नाही! मी म्हटलं, होय साहेब. मला तरी दुसरं काय म्हणता येणार? मनातून मात्र मला चाचांचा अभिमान वाटत होता, आणि साहेबांची कीवही येत होती. दोन्ही एकदम वाटणं फार त्रासाचं असतं.

* * *

खरा दगड सापडला तो आणे गावाच्या पठारावर. एका वाडीच्या बाहेर, बाभळीखाली. त्याला लोक कप्तानबाबा म्हणत. आणि तो आजवर कुणाला सापडला का नव्हता? कारण तो थडगं राहिलाच नव्हता. देव झाला होता! अंगावर साठ-सत्तर वर्षांचा शेंदूर, वीतभर जाड. आत अक्षरं असली, तरी ती त्या कवचाखाली.

म्हादू गुरव पूजेला होता. मी त्याला सांगितलं, "थोडा शेंदूर खरवडायचाय. सरकारी काम आहे." रावसाहेबांचा लेखी हुकूम माझ्या खिशात होता, तो काढून दाखवला.

म्हादूनं हुकूम कपाळाला लावला, मला परत दिला. "देवाचं कवच देव सोताच टाकतो, भाऊ. आपुन हात लावायचा न्हाई. कवच पडलं का वाजत-गाजत नदीला न्हेऊन सोडायचं. मग नवा शेंदूर."

"शेवटचं कधी पडलं होतं?"

"आमच्या आज्याच्या वक्ताला."

"आणि परत कधी पडेल?"

"त्येच्या मनात येईल तवा."

मी साहेबांना म्हटलं, हुकूम आहे, पोलीस बोलावू, अर्ध्या तासात काम होईल. साहेबांनी हुकूम माझ्या हातातून घेतला, चार घड्या केल्या आणि स्वतःच्या खिशात टाकला. "मी दुसऱ्याच्या देवाला सुरी लावणार नाही. त्यांना विचारा, मी इथं थांबलो तर चालेल का?"

"थांबा की!" म्हादू खूश झाला. "आमचं आजं बावीस वर्सं थांबलं व्हतं."

आणि साहेब खरंच थांबले! बाभळीखाली घडीची खुर्ची टाकून दगडाकडे बघत बसले. पहिल्या दिवशी वाडीतल्या लोकांना वाटलं, साहेबाला ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, साहेब अनुष्ठानाला बसलाय. त्यांनी भाकरी-पिठलं आणलं, अंगाखाली घोंगडी आणली. तिसऱ्या दिवशी सकाळी बाया येऊन आधी कप्तानबाबाच्या पाया पडायला लागल्या, मग कर्नलसाहेबांच्या! साहेब प्रत्येक वेळी उठून उभे राहायचे आणि टोपी काढायचे. त्यामुळे त्यांचं बसणं असं झालंच नाही.

मी रावसाहेबांना चिठ्ठी पाठवली, 'काय करू?' त्यांचं उत्तर आलं, 'नारळ लागल्यास कळवा.'

* * *

तिसऱ्या दिवशी दुपारी म्हादूची आई सोनाबाई दिवा लावायला आली. कंबरेत वाकलेली, नजर मात्र तेज. साहेबांना बघून मला म्हणाली, "ह्यो बाबा कशापायी बसलाय रं?"

मी म्हटलं, "आजी, त्यांना हा कप्तान कसा मेला ते बघायचंय. दगडावर लिहिलं असेल म्हणून."

"आन् त्येला दगड कशाला हुडकाया पायजे? मला इचारायचं की! तीन दिस झालं, कुणी इचारतंय का?"

खरंच की. तीन दिवसांत आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं. मी कचेरीचा माणूस. लिहिलेलं असेल तेवढंच मला दिसतं.

सोनाबाई खाली बसली आणि तिनं सांगितलं. पलटण आली. वाडीत पेशव्यांची माणसं लपलीत असा वहीम. वाडी पेटवायचा हुकूम झाला, आणि तो ह्या कप्तानाला झाला. त्यानं हुकूम ऐकला, तलवार खाली टाकली आणि पळत सुटला.

"पळाला?" मी विचारलं.

"मंग! लई पळाला. समद्यांच्या म्होरं पळाला. आमच्या घराच्या कणगीत येऊन लपला. पलटण दिसभर त्येलाच हुडकीत बसली. हुडकता हुडकता सांज झाली, म्होरं कूच करायचा सांगावा आला, आन् वाडी जाळायची ऱ्हाऊन गेली. त्यो माघारी गेलाच न्हाई. हितंच ऱ्हायला. दोन वर्सांनी तापानं गेला. आमच्या लोकांनीच पुरला. कुण्या पाद्र्यानं येऊन त्येचं नाव तेवढं कोरलं."

साहेब माझ्याकडे बघत होते. "काय म्हणते ती?"

मी म्हटलं, "साहेब, ती म्हणते की... कॅप्टनसाहेब इथून गेले."

"गेले म्हणजे?"

"म्हणजे... जरा घाईत गेले."

"डुंबरे!"

मग सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.  माणूस आयुष्यभर एक गोष्ट धरून बसलाय, आणि ती मी त्याच्या हातातून काढून घेत होतो, तीही मोडक्या इंग्रजीत.

 साहेबांनी विचारलं, "पळाला हे ह्यांना ठाऊक आहे, तरी पूजा करतात?"

मी विचारलं. सोनाबाईला प्रश्नच कळेना. मी दोनदा विचारला. मग ती हसली. "पळाला म्हनून तर हाये आमी! उबा ऱ्हायला आसता, तर जाळलंच आसतं की."

मग ती उठली आणि साहेबांचा हात धरून त्यांना दगडाच्या मागे घेऊन गेली. तिथं दगडी चौथऱ्यामागे बूट होते. ढीगभर बूट. सगळे पलटणीचे. काही वाळून काळे पडलेले, काही बऱ्यापैकी. पठारावरची पोरं पहिल्या लढाईला गेली, दुसऱ्या लढाईला गेली. कुणी बसऱ्याला, कुणी ब्रह्मदेशात. त्यांच्या आया इथं येऊन नवस बोलायच्या.

"काय बोलायच्या, आजी?"

"काय बोलायचं? बाबा, तुज्यावानी पळून का व्हईना, पन पोरगं घरी येऊं दे. आलं का त्येनं सोताच्या हातानं बूट काडून हितं ठिवायचं. म्हंजी परत चालून जायाला नगं."

मी सांगितलं. साहेबांनी वाकून एक बूट उचलला, टाचेची नाल अंगठ्यानं पुसली, होता तसा परत ठेवला. मग तिथंच जमिनीवर बसले. सोनाबाईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मी दुसरीकडे बघितलं.

परतीच्या रस्त्यात आळेफाट्याला चहा घेऊ का विचारलं, तर मानेनंच नको म्हणाले. जुन्नरला पोचलो तेव्हा पोस्ट बंद व्हायला थोडाच वेळ होता. साहेब जीप थांबायच्या आधीच खाली उतरले. तारेचा कागद मागितला. वर अ‍ॅबर्डीनच्या पोस्टमास्तरांचा पत्ता लिहिला, तिथल्या सगळ्या बेकऱ्यांमध्ये चौकशी करावी असं लिहिलं, आणि खाली मजकूर. मग कागद माझ्याकडे दिला आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

पोस्टमास्तरांनी चष्म्यावरून मजकूर वाचला. परत वाचला. मग मला खिडकीजवळ बोलावलं.

"डुंबरे, हे काय आहे? 'अलेक्झांडर, जुन्नरला ये. तुझे लढाईतले बूट घेऊन ये. वडील.' खुणेची भाषा-बिषा नाही ना? मला वर कळवावं लागेल."

"नाही हो मास्तर. पाठवा तुम्ही."

"पाठवतो. पण तुम्ही त्यांना जरा समजावून सांगा, राव. आपल्या पेठेत पाहिजे त्या मापाचे नवे बूट मिळतात. एवढ्या लांबून जुने कशाला मागवतात?"